विश्लेषण : दुहेरी नागरिकत्वाच्या मुलाला घेऊन एकट्या पालकाचा परदेश प्रवास... पासपोर्टइतकेच संमतीपत्र का महत्त्वाचे?

शाळांना सुट्टी लागली की अमेरिका, ब्रिटन, कॅनडातून भारतात येणाऱ्या विमानांत एक दृश्य हमखास दिसते. आई मुलांना घेऊन माहेरी निघालेली असते आणि वडील रजा मिळाली की मागून येणार असतात. आईकडे भारतीय पासपोर्ट, मुलाकडे परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड. बहुतेक वेळा हा प्रवास विनासायास पार पडतो. मात्र ‘मुलाच्या वडिलांची परवानगी आहे का’ असा प्रश्न विमानतळावर विचारला गेला आणि हाती कागद नसला तर पंचाईत होते. पती-पत्नीत बेबनाव असेल, तर याच प्रवासातून दोन देशांच्या न्यायालयांत वाद उभा राहू शकतो.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, मग मुलाला ते कसे?

स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणारी व्यक्ती भारतीय नागरिकत्व गमावते. मुलाचे तसे नसते. अमेरिकेत जन्मलेले मूल सामान्यतः जन्मानेच अमेरिकी नागरिक ठरते. भारतीय पालकांनी जन्मापासून एका वर्षात भारतीय वकिलातीत त्याची नोंदणी केली, तर नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार त्याला वंशपरंपरेने भारतीय नागरिकत्वही मिळू शकते. मात्र मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे पालकांना लिहून द्यावे लागते. असे मूल सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने परदेशी नागरिकत्व सोडले नाही, तर त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. म्हणजे कायद्याच्या नजरेत काही काळ नागरिकत्वे दोन असू शकतात, पण दोन पासपोर्ट बाळगण्याची मुभा नाही. म्हणूनच बहुतेक कुटुंबे मुलासाठी परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड हा मार्ग निवडतात. ‘ओव्हरसीज सिटिझन’ असे नाव असले तरी ओसीआय हे नागरिकत्व नव्हे. तो दीर्घ मुदतीचा प्रवेश परवाना आहे.

प्रवासात कोणती कागदपत्रे लागतात?

अमेरिकी नागरिक असलेल्या मुलाने अमेरिकेतून बाहेर पडताना आणि परतताना अमेरिकी पासपोर्टच वापरायचा असतो. भारतात येताना त्यासोबत ओसीआय कार्ड किंवा व्हिसा लागतो. केवळ ओसीआय कार्डावर प्रवास होत नाही. १६ वर्षांखालील मुलांचा अमेरिकी पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि वयाच्या विशीपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टची माहिती ओसीआय संकेतस्थळावर भरावी लागते. ऐन प्रवासाच्या तोंडावर हेच अनेकांच्या लक्षात येते.

मराठी कुटुंबांत आणखी एक अडचण येते. आईच्या पासपोर्टवर माहेरचे नाव असते, तर मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि त्यांचे आडनाव. अनोळखी अधिकाऱ्याला या दोन पासपोर्टांवरून नाते कळत नाही. दोन्ही पालकांची नावे असलेला मुलाचा जन्मदाखला जवळ ठेवला की हा प्रश्न सुटतो.

दुसऱ्या पालकाची संमती कोण मागते?

याचे नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत विमानतळावरून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारणारी नेहमीची इमिग्रेशन तपासणी नसते आणि संमतीपत्र कायद्याने सक्तीचे नाही. पण तेथील सीमाशुल्क व सीमा सुरक्षा विभाग ते नोटरी करून जवळ ठेवण्याचा सल्ला देतो. कॅनडा सरकारही तशीच शिफारस करते. ब्रिटनमध्ये नियम अधिक कडक आहे. मुलावर पालकत्वाचा कायदेशीर अधिकार असलेल्या प्रत्येकाची संमती न घेता त्याला देशाबाहेर नेणे हा गुन्हा ठरू शकतो. मूल आपल्याजवळ राहील असा न्यायालयीन आदेश असलेल्या पालकाला मात्र २८ दिवसांपर्यंत संमतीविना नेता येते. ब्राझीलमध्ये तर मूल ब्राझिलियन असेल, तर त्याच्याकडे दुसऱ्या देशाचाही पासपोर्ट असला तरी देश सोडताना गैरहजर पालकाची प्रमाणित परवानगी लागते. दुहेरी नागरिकत्वाची खरी मेख इथेच आहे. आपण मुलाला एका देशाचे समजत असलो, तरी दुसरा देश त्याला आपलाच नागरिक मानून आपले नियम लावतो.

संमतीपत्रात काय असावे?

मुलाचे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, सोबतच्या पालकाचा तपशील, कुठे आणि कोणाकडे राहणार, गैरहजर पालकाचा दूरध्वनी आणि नोटरीसमोर केलेली सही. सर्वांत महत्त्वाची नोंद म्हणजे परतीची तारीख. मुलाला संमतीने नेले, पण ठरलेल्या दिवशी परत आणले नाही, तर त्यालाही कायद्याच्या भाषेत ‘बेकायदा अडवून ठेवणे’ म्हटले जाऊ शकते. त्यामुळे हा कागद नेणाऱ्या पालकाचे आणि मागे राहणाऱ्या पालकाचेही रक्षण करतो. एकाच पालकाकडे ताबा असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत आणि जोडीदाराचे निधन झाले असेल तर मृत्यूचा दाखला सोबत असावा.

हेग करार काय सांगतो? भारत त्यात का नाही?

एका पालकाने मुलाला परस्पर दुसऱ्या देशात नेले, तर त्याला लवकरात लवकर नेहमीच्या वास्तव्याच्या देशात परत पाठवावे आणि ताब्याचा निर्णय तेथील न्यायालयाने करावा, असे १९८० चा हेग करार सांगतो. तो १६ वर्षांखालील मुलांना लागू होतो. यात मुलाचा पासपोर्ट कोणत्या देशाचा हे निर्णायक नसते. ते कुठे राहत होते, हे पाहिले जाते. शंभरहून अधिक देश या करारात आहेत. भारत नाही.

विधी आयोगाने २००९ मध्ये करारात सामील होण्याची शिफारस केली होती. २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदाही आला. पण परदेशात कौटुंबिक हिंसा सोसून मुलासह माहेरी परतणाऱ्या स्त्रियांना हा करार ‘अपहरणकर्त्या’ ठरवेल, असा आक्षेप घेतला गेला. करारात मुलाला गंभीर धोका असल्यास अपवाद आहे. मात्र परक्या देशात, पैसा आणि आधार नसताना तो सिद्ध करणे कठीण असते. न्या. राजेश बिंदल यांच्या समितीने २०१८ मध्ये स्वतंत्र देशी कायदा आणि यंत्रणेचा पर्याय मांडला. तसा कायदा अद्याप झालेला नाही. दुसरीकडे, मागे राहिलेल्या पालकाचीही व्यथा खरी आहे. मूल एकदा भारतात गेले की परत आणायला ठरलेला मार्गच नाही, ही भीती त्याच्या नकारामागे अनेकदा असते.

भारतीय न्यायालयांची भूमिका काय?

प्रकरणागणिक निकाल वेगळा लागतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटिश न्यायालयाच्या आदेशाला मोठे महत्त्व दिले. २०१७ मध्ये त्रिसदस्यीय पीठाने परदेशी न्यायालयाचा आदेश हा अनेक घटकांपैकी एक असून मुलाचे हित सर्वोपरी आहे, असे स्पष्ट केले आणि ब्रिटिश नागरिक असलेल्या मुलीला आईजवळ भारतात राहू दिले. २०२० मध्ये मात्र अमेरिकेत जन्मलेल्या मुलीला परत नेण्याचा आदेश झाला. त्यामुळे ‘एकदा भारतात पोहोचलो की प्रश्न मिटला’ किंवा ‘तिकडचा आदेश मिळाला की मूल परत आले’ असे दोन्ही समज चुकीचे आहेत.

संमती मिळत नसेल तर?

गुपचूप निघणे हा सर्वांत महाग पर्याय ठरतो, कारण पुढे ताब्याच्या दाव्यात तेच विरोधात वापरले जाते. मूल राहते त्या देशातील न्यायालयाकडे प्रवासाची परवानगी मागता येते. परतीचे तिकीट, तारखा आणि नियमित व्हिडीओ कॉलची हमी दिली तर परवानगीची शक्यता वाढते. हिंसाचार होत असेल, तर निघण्यापूर्वी तेथील पोलीस, वकील किंवा मदत संस्थेकडे त्याची नोंद करणे महत्त्वाचे, कारण पुढे तोच पुरावा ठरतो. दुसरा पालक मुलाला परस्पर नेईल अशी भीती असेल, तर अमेरिकेत मुलाच्या पासपोर्ट अर्जाची सूचना मिळण्याची सोय आहे. पण ती अमेरिकी पासपोर्टपुरतीच आहे. दुसऱ्या देशाने दिलेला पासपोर्ट त्यातून कळत नाही.

मूल कोणत्या देशाचे हे पासपोर्ट सांगतो. ते कोणाच्या संमतीने निघाले आहे आणि कधी परतणार आहे, हे सांगणारा कागद पालकांनाच तयार करावा लागतो. घरात सगळे सुरळीत असताना तो करायला तासभर पुरतो. वाद सुरू झाल्यावर मात्र त्याच सहीसाठी न्यायालयात वर्षे जाऊ शकतात.