अक्षराचे माप आणि अंगाचे माप

रावेत, पुनावळे, ताथवडे ही एकेकाळची शेतीची गावे आज उंच इमारतींची उपनगरे झाली आहेत. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या, स्वतः कमावणाऱ्या कितीतरी स्त्रिया इथे राहतात. आपल्या शरीराबद्दलचा निर्णय आपण आणि आपल्या पैशाने घ्यावा, असे त्यांना वाटत असेल तर कुणी नाक मुरडण्याचे कारण नाही. स्तनवर्धन शस्त्रक्रिया हा त्यातलाच एक निर्णय. तो घ्यावा की नाही, हा जिचा-तिचा प्रश्न. पण तो घेतल्यावर पदरात काय पडणार, हे आधी नीट कळले पाहिजे. ही शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा करावी लागण्याची जी नेहमीची कारणे आहेत, त्यांत ‘आकार बदलून हवा’ हे एक कारण आहे. म्हणजे टाके, भूल, इम्प्लांट सगळे व्यवस्थित असूनही स्त्री नाराज राहू शकते. या नाराजीचे मूळ बरेचदा शस्त्रक्रियेआधीच्या बोलण्यात सापडते.

हे बोलणे बहुधा ब्राच्या मापापासून सुरू होते. ‘मी बी आहे, मला सी व्हायचे आहे.’ अडचण अशी की ‘सी’ हे अक्षर कोणताही ठरावीक आकार सांगत नाही. स्तनांखालचा छातीचा घेर आणि स्तनांवरून घेतलेला घेर यांतला फरक तेवढा ते दाखवते. म्हणूनच ३६ बी, ३४ सी आणि ३२ डी या तिन्ही ब्रांच्या कपांत साधारण सारखेच आकारमान मावते. त्यात प्रत्येक कंपनीचे माप वेगळे. एका दुकानात ‘बी’ ठरलेली स्त्री दुसऱ्या दुकानात ‘सी’ ठरते. इतके सैल अक्षर शस्त्रक्रियेच्या अपेक्षेचा आधार कसे होणार?

इम्प्लांटचे माप सीसीमध्ये असते आणि ते नेमके असते. मात्र त्यातून दिसणारा परिणाम नेमका ठरत नाही. ३०० सीसीचे इम्प्लांट बारीक चणीच्या, अरुंद छातीच्या स्त्रीला ठळक दिसते. रुंद छातीच्या स्त्रीला तेच जेमतेम जाणवते. मैत्रिणीने किती सीसीचे बसवले याची चौकशी करून आपला आकडा ठरवण्यात म्हणूनच अर्थ नाही. तांदूळ भरलेल्या पिशव्या ब्रामध्ये ठेवून घरी अंदाज घेण्याची पद्धतही जगभर रूढ आहे. त्यातून वजनाची कल्पना येते, पण पिशवी त्वचेच्या वर असते आणि इम्प्लांट आत, कधी स्नायूखाली दाबले जाते. बाहेर जेवढे दिसले तेवढे आत गेल्यावर दिसत नाही.

मग माप घ्यायचे कशाचे? अमेरिकेतील प्लास्टिक सर्जन जॉन टेबेट्स आणि विल्यम अ‍ॅडम्स यांनी २००५ मध्ये यासाठी पाच मोजमापांची पद्धत मांडली. स्तनाच्या तळाची रुंदी किती, त्वचा किती ताणली जाते, वरची चरबी-त्वचेची जाडी किती, स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचे अंतर किती, अशा गोष्टी मोजून इम्प्लांट निवडायचे, हे तिचे सूत्र. थोडक्यात, किती मोठे हवे या इच्छेला अंगात किती मावेल या मर्यादेच्या आत बसवायचे.

हा विचार पुणे परिसराला नवा नाही. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात एका विटा पाडणाऱ्या समाजातील कारागिराने नवे नाक करून दिले. त्याचा वृत्तांत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला आणि युरोपातील प्लास्टिक सर्जरीला त्यातून चालना मिळाली. त्या कारागिराची पहिली पायरी होती मापाची. उरलेल्या नाकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्याला आकार द्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि तेवढीच कातडी घ्यायची. माप त्या माणसाच्याच चेहऱ्यावरून घेतलेले होते.

अंगाच्या मर्यादेबाहेर जाऊन आकार घेतला तर त्याची किंमत पुढे मोजावी लागते. जास्त वजनाने त्वचा ताणून पातळ होते, इम्प्लांट खाली सरकू शकते, त्याच्या कडा हाताला लागतात, स्तनाचे मूळ ऊतक दबते. काही गोष्टी तर कोणत्याही आकाराच्या इम्प्लांटने साधत नाहीत. ओघळलेला स्तन केवळ इम्प्लांटने वर उचलला जात नाही. दोन स्तनांमधले अंतर बरेचसे छातीच्या रचनेवर ठरते. दोन्ही बाजूंत थोडा फरक बहुतेक स्त्रियांत मुळातच असतो आणि शस्त्रक्रियेनंतरही तो थोडाफार राहतो.

निकाल पाहण्याची घाईही गैरसमज वाढवते. पहिल्या काही आठवड्यांत सूज असते, इम्प्लांट वर चढलेले आणि घट्ट दिसते. सूज उतरली की ‘आकार कमी झाला’ असे वाटू लागते. खरा आकार स्थिरावायला कित्येक महिने लागतात. शिवाय नव्या आकाराची डोळ्यांना सवय होते आणि सुरुवातीला मोठा वाटलेला आकार नंतर अपुरा वाटू लागतो. या भावनेच्या भरात दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये.

इम्प्लांट हे आयुष्यभराचे उपकरणही नाही. सिलिकॉनचे पहिले इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे बसवले गेले. तेव्हापासून फुटणे, भोवती कडक कवच तयार होणे असे धोके सतत समोर आले आहेत. खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटचा एका दुर्मीळ लिम्फोमाशी संबंध आढळल्याने २०१९ मध्ये ती जगभरातून मागे घेण्यात आली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इम्प्लांटच्या माहितीत ठळक इशारा देणे आणि धोक्यांची यादी स्त्रीकडून वाचून घेणे बंधनकारक केले. सिलिकॉनचे इम्प्लांट आवाज न करता फुटते, म्हणून पाच-सहा वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी, असाही त्याचा सल्ला आहे. मॅमोग्राफीच्या वेळी इम्प्लांट असल्याचे सांगावे लागते, कारण त्यामुळे स्तनाचा काही भाग झाकला जातो.

भारतात सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात साधारणपणे बसत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना हा त्याला अपवाद. म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेसोबत पुढच्या तपासण्या आणि लागलीच तर दुसरी शस्त्रक्रिया, हा सगळा खर्च खिशातूनच करायचा असतो. रावेतच्या कुटुंबाने घराच्या हप्त्यांशेजारी हा हिशेबही मांडायला हवा.

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये स्पष्ट केले, की शस्त्रक्रियेचे स्वरूप, तिचे फायदे, धोके आणि पर्याय समजावून घेतलेली संमती हीच खरी संमती. स्तनवर्धनात या संमतीला आकाराची जोड हवी. छातीची मोजमापे, निवडलेल्या इम्प्लांटचे सीसी, कंपनी आणि क्रमांक, ते कुठे बसवणार, काय साधणार नाही आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, हे सगळे कागदावर लिहिलेले असावे. त्या कागदावर कपाचे अक्षर आश्वासन म्हणून येऊ नये. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

हा कागद द्यायला टाळाटाळ होत असेल, तर दुसऱ्या सर्जनचे मत घ्यावे. थोडे थांबल्याने काही बिघडत नाही. ही शस्त्रक्रिया कधीच तातडीची नसते.