'प्रमाण' कशाचे?

नदीपात्रातील छायाचित्रांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात एक विधान हमखास आढळते: मानवी आकृतीमुळे खडकांच्या आकाराचे प्रमाण कळते. सोमेश्वरच्या धबधब्यापाशी काळ्या बसाल्टवर पाठमोरी उभी केलेली आकृती असो वा रामकुंडावरचा ओलेता यात्रेकरू, दोघांचाही हिशेब या एका विधानात मिटवला जातो. अधिक शास्त्रशुद्ध समीक्षक मर्ढेकरांचे लयनियम हाताशी घेतात. खडकांचा आडवा विस्तार, त्याला छेदणारी देहाची उभी रेघ, म्हणून विरोधलय! मर्ढेकरांवर हा अन्यायच आहे. त्यांनी माध्यमाचा विचार केला होता. येथे नेमका तोच टाळला जातो.

चित्रकार माणसाला खडकावर रंगवू शकतो. छायाचित्रकारासमोर तो प्रत्यक्ष असावा लागतो. नसेल तर काय होते, हे विल्यम जॉन्सनच्या मुंबईतील जातिजमातींवरील दोन खंडांत (१८६३, १८६६) पाहावे. स्टुडिओत टिपलेली माणसे तेथे निराळ्या स्थळचित्रांवर जोडलेली आहेत. आमच्या प्रमाणवादी समीक्षेची कात्री तीच. फक्त ती छायाचित्र काढून झाल्यावर चालते.

नाशिककर देह आणि नदी यांचे नाते निराळ्या रीतीने वाचतात. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले, छातीला लागले, गळ्याशी आले, अशा भाषेत हे शहर पूर मोजते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधील पुरांची छायाचित्रेही अशीच वाचली गेली. ती पाहणाऱ्याला मूर्तीची उंची नको असते. सराफ बाजारात पाणी शिरणार का, हे त्याला हवे असते. 'प्रमाण' या शब्दाचा पुरावा हा दुसरा अर्थ त्याला ठाऊक आहे, आमच्या समीक्षेला नाही.

मग रूपाचे काय, असा आक्षेप येईल. रूपाचीच तर ही चर्चा आहे. कुंडाच्या तळाशी ओतलेले काँक्रीट वगळून केवळ काळा पाषाण चौकटीत घेणे, पिंडदान करणाऱ्याचे मुंडन केलेले मस्तक ठेवून समोरचा पुरोहित कापणे, हे निर्णय घाटाविषयीचे आहेत, त्या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी. त्या माणसाची संमती घेतली होती काय, हा प्रश्न मात्र नीतीच्या खात्यात टाकून आमचे समीक्षक रेषांकडे वळतात. तो कॅमेऱ्याकडे पाठ करून का उभा आहे, हे त्या प्रश्नाला टाळून कसे सांगणार?