बांबूच्या धनुष्याची मिरास

चेन्नईच्या एग्मोर भागातील, 1851 साली स्थापन झालेल्या सरकारी वस्तुसंग्रहालयात तंजावरच्या भोसले राजांच्या सिलेखान्यातील जी हत्यारे जतन केलेली आहेत, ती पाहताना मराठी माणूस तलवारींपुढे गहिवरतो. मला मात्र तेथे नेहमी धनुष्याचाच लोभ सुटे. तो लोभ यंदा फळास आला, आणि बांबूचे एक साधे धनुष्य माझ्या मालकीचे झाले. लाकूड, शिंग व स्नायू सरसाने सांधून सिद्ध केलेली मोगली धाटणीची कमान अधिक रुबाबदार खरी. परंतु दमट हवेत सरस सैल पडतो, आणि ईशान्य मोसमीच्या या किनाऱ्यावर तसले वैभव बाळगणे म्हणजे दारी हत्ती पोसणेच. बांबूचे मागणे थोडे: काम संपताच प्रत्यंचा उतरवावी, उन्हात टाकू नये. नेम दाखविणारी भिंगे नाहीत, तोल सावरणाऱ्या दांड्या नाहीत. हाताची ओढ, गालाशी टेकलेले बोट आणि श्वास यांचा मेळ जमला, म्हणजे बाण सुटतानाच वेध साधल्याचे अंगाला कळते, आणि या सुखाची सर गुणफलकास नाही.

आदिती स्वामी व ओजस देवतळे यांनी 2023 साली बर्लिनमध्ये कंपाउंड धनुष्याने जगज्जेतेपद मिळविले, याचा अभिमान मलाही आहे. तथापि ज्यात बांबूच्याच धनुष्याने 50 व 30 मीटरांवरून नेम धरतात, तो ‘इंडियन राउंड’ केवळ महागड्या साधनांकडे नेणारी पायरी समजला जावा, हे मला मान्य नाही. शाळांच्या मैदानांवर त्यास स्वतंत्र मान हवा, आणि निधीअभावाची सबब सांगणाऱ्या क्रीडाखात्यांनी तर तो प्रथम द्यावा.