इंग्रजीचा स्वाध्याय

दहावीपर्यंत मराठी माध्यमात उत्तम गुण मिळवणारा मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी अबोल होतो, हे आपल्या अनेक घरांतील दुःख आहे. गणित त्याला येते, शंकाही पडतात. परंतु वर्गात विचारण्याचे धैर्य होत नाही. पुढे नोकरीच्या मुलाखतीत हेच मौन महागात पडते.

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास अनुमती दिली. ते स्वागतार्हच आहे, कारण विषय मातृभाषेत लवकर उमगतो. तथापि यंत्राची माहितीपुस्तिका, परदेशी ग्राहकाचे पत्र आणि नवे संशोधन बहुधा इंग्रजीतच असते.

परभाषेचे भय आपल्या परंपरेला शोभणारे नाही. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत लेख कोरलेले आहेत. वीरचंद राघवजी गांधी यांनी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्म इंग्रजीतूनच मांडला. मारवाड-गुजरातेतून आलेल्या आपल्या पूर्वजांनी तर दुकानाच्या गादीवर बसूनच मराठी आत्मसात केली. ग्राहकाशी बोलावे, चुकावे, सुधारावे, हीच त्यांची शाळा होती.

स्वाध्यायाचे पाच प्रकार आपण जाणतोच. तेच येथेही उपयोगी पडतात. वाचना, म्हणजे आपल्याच विषयाचे पुस्तक रोज दोन पाने वाचणे. पृच्छना, म्हणजे दिवसाला एक तरी शंका इंग्रजीत विचारणे. अनुप्रेक्षा, म्हणजे वाचलेले मनात घोळवून स्वतःच्या शब्दांत लिहिणे. मित्राची प्रयोगवही उतरवून काढणे नव्हे. आम्नाय, म्हणजे शुद्ध उच्चारांसह मोठ्याने आवृत्ती करणे. आणि धर्मोपदेशाच्या धर्तीवर, शिकलेले दुसऱ्याला समजावून सांगणे. वाचन पुष्कळ मुले करतात. उणीव राहते ती विचारण्यात आणि सांगण्यात.

येथे पालकांचे कर्तव्य मोठे आहे. इंग्रजी माध्यमातील चुलत भावाशी तुलना करू नये. मुलाच्या चुकीवर हसू नये. शब्दाने मन दुखावणे हीदेखील हिंसाच आहे. उलट पुरवठादाराला पाठवावयाचे एखादे इंग्रजी पत्र त्यालाच लिहू द्यावे. विश्वासाने सोपवलेले काम मनुष्य मनापासून शिकतो.

आजपासून सायंकाळच्या भोजनानंतर दहा मिनिटे काढावीत. दिवसभरात काय शिकला, ते मुलाने इंग्रजीत सांगावे. वसतिगृहात असेल तर फोनवरून सांगावे. आपल्याला सारे समजले नाही तरी चालेल. त्याला न हसता ऐकणारे कोणीतरी हवे आहे.