आधी आमच्या तबकड्या काढा!

तबकडी परत आली, असा उदोउदो गेली काही वर्षे शहरांतून चालला आहे. आमच्या लहानपणी जी काळी चकती माळ्यावर सतरंजीच्या घडीखाली पडून होती, आणि जिला उचलून पाहून भंगारवाल्यानेही ‘हे नाई चालत, बाई’ म्हणावे अशी जिची अवस्था झाली होती, तीच आज पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात जाऊन बसली आहे. अमेरिकेत तर २०२२ साली तबकड्या सुमारे ४ कोटी १० लाख खपल्या आणि सीडी सुमारे ३ कोटी ३० लाख; १९८७ नंतर प्रथमच थोरलीने धाकटीवर मात केली. या लाटेत जुन्या-नव्या हिप-हॉपच्या तबकड्या मोठ्या थाटात निघत आहेत. कोणी लाल, कोणी निळ्या, कोणी पारदर्शक. वर भारी कागदाचे वेष्टन आणि आत छायाचित्रांची पुस्तिका. किंमत आपल्याकडे अडीच-तीन हजारांपासून पुढे. यंदाच्या दिवाळीत एखाद्या सुखवस्तू घरच्या चिरंजीवांनी आकाशकंदिलाबरोबर असला जिन्नस घरी आणला, तर वडीलधाऱ्यांनी दचकू नये. आमचे भांडण त्या चिरंजीवांशी नाही आणि त्या संगीताशी तर मुळीच नाही.

आमचे भांडण आहे ते आपल्याशी.

हिप-हॉप म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ११ ऑगस्ट १९७३ हा दिवस ती मंडळी आपला जन्मदिवस मानतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत, सेज्विक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, जमैकाहून आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेल नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने बहिणीच्या मेजवानीत तबकड्या वाजवल्या. पुढे जग त्याला कूल हर्क म्हणू लागले. त्याची युक्ती अशी की, एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवायच्या. गाण्यात जेथे नुसता ताल उरतो तेवढाच तुकडा एकीवर वाजवायचा, तो संपतो न संपतो तोच दुसरीवर तोच तुकडा धरायचा, आणि असा तो ताल हवा तितका लांबवायचा. त्या तालावर कोणी तरी बोलू लागला. बोलता बोलता यमके जुळवू लागला. वाद्ये घ्यायला पैसा नाही आणि शिकवायला उस्ताद नाही, अशा पोरांनी घरातल्या जुन्या तबकडीचेच वाद्य केले.

‘घरातल्या’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. या मंडळींतला दुसरा थोर वादक ग्रँडमास्टर फ्लॅश. त्याच्या बापाला तबकड्या जमवण्याचा नाद होता आणि त्यांना हात लावायची पोराला बंदी होती. पोराने हात लावला, मारही खाल्ला. पुढे त्याने तबकडीवर रंगीत खडूने खुणा करून नेमका ताल कोठे सुरू होतो हे डोळ्यांनी वाचण्याची रीत काढली. बापाने तबकड्या जपल्या नसत्या, तर पोराने खुणा कशावर केल्या असत्या? आणि त्याच पोरांनी १९८२ साली काढलेले गरीब वस्तीचे एक गाणे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्राने जपावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या पहिल्याच, म्हणजे २००२ च्या यादीत घेतले. गल्लीतले बोलणे वीस वर्षांत सरकारदप्तरी जमा झाले.

आता आपल्या घरात वळून पाहू. तबकडीच्या बाबतीत आपण काही कालचे नव्हे. १९०२ साली कलकत्त्याला फ्रेड गैसबर्ग या साहेबाने गौहरजानचे गाणे उतरवून घेतले. गाणे संपताच ती आपले नाव मोठ्याने सांगे. कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तेथल्या कारागिरांना गाणे कोणाचे ते कळावे. (आजचा रॅपवाला पोरगाही गाण्यात आपले नाव घातल्याशिवाय राहत नाही, आणि आमच्या अभंगकर्त्यांनी शेवटच्या चरणात नाममुद्रा घातली, तेव्हा त्यांना कोणी गर्विष्ठ म्हटले नाही.) त्या जुन्या तबकड्या लाखेच्या. ही लाख आपल्याच मुलखातल्या पळस, बोर, कुसुमाच्या झाडांवर किडे तयार करीत. म्हणजे लाख आमची, गळा आमचा, आणि नफा साहेबाचा. तेही एक वेळ सोडून देऊ.

प्रश्न असा आहे की, त्या तबकडीवर गेले कोण? बैठकीचे गाणे गेले, नाट्यपदे गेली, भावगीत गेले, सिनेमा तर गेलाच गेला. शाहीर साबळ्यांसारख्या काहींनाही जागा मिळाली, ती नाकारण्याचे कारण नाही. पण तबकडी ही महागाची वस्तू. ती वाजवणारे यंत्र त्याहून महागाचे. ज्यांच्या घरात यंत्र, त्यांच्या आवडीचे गाणे, हा सरळ हिशेब होता. बहुजनांचा, गावकुसाबाहेरचा, वऱ्हाडी बोलीचा आवाज खऱ्या अर्थाने छापला गेला तो १९८० नंतर, कॅसेट स्वस्त झाली तेव्हा. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत भीमगीतांच्या कॅसेटींचे ढीग लागत. यात्रेत भारुडांच्या, खंजेरीच्या, गावठी विनोदाच्या कॅसेटी मिळत. टेपरेकॉर्डर सायकलच्या दुकानात असे, न्हाव्याच्या दुकानात असे, पानठेल्यावर असे.

आणि कॅसेट मेली. नुसती चालेनाशी झाली असे नव्हे. पावसाळ्यात फितीला बुरशी धरली, ती यंत्रात गुंतली, ओढता ओढता तुटली. मेळघाटच्या पायथ्याशी आमच्या परतवाड्याला पावसाळा कसा असतो हे येथे राहणाऱ्याने कोणाला सांगायला नको. लाखेची शंभर वर्षांपूर्वीची तबकडी अजून बोलते. चाळीस वर्षांपूर्वीची कॅसेट मुकी झाली आहे.

येथे आमचा मुद्दा आला. पुनर्मुद्रण म्हणजे जे एकदा छापले ते पुन्हा छापणे. जे तबकडीवर कधी गेलेच नाही, ते ‘परत’ कोठून येणार? अमेरिकेतील गरिबाचे बोलणे पहिल्यापासून तबकडीवर राहिले, कारण वाजवणाऱ्याला तबकडीच लागत असे. १९७९ साली गाजलेले रॅपचे पहिले मोठे गाणे जवळजवळ पंधरा मिनिटांच्या बारा इंची तबकडीवरच निघाले होते. त्यामुळे आज तिकडे पुनर्मुद्रणाची लाट आली, तेव्हा गरिबाचा आवाज आपोआप वर आला. आपल्याकडे तीच लाट आली म्हणजे पुन्हा तीच शंभर सिनेगीते, त्याच गझला, तेच बैठकीचे गाणे वर येते. ते सुंदर आहे, याविषयी वाद नाही. पण एकदा ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांना या ‘पुनरागमना’ने दुसऱ्यांदा दाराबाहेर ठेवले जात आहे, आणि आपण त्याला अभिरुची म्हणतो! वर कायद्याचे कुलूप आहेच. ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. १९८५ सालच्या कॅसेटीवर २०४५ संपेपर्यंत कोणाची तरी मालकी राहणार. तो मालक ती काढणार नाही, दुसऱ्याला काढू देणार नाही, आणि फीत तोवर थांबणार नाही.

यावर शहाणे लोक म्हणतील, ‘अहो, सगळे फोनवर मिळते की! प्लास्टिकच्या ताटल्या हव्यात कशाला?’ प्लास्टिकचा मुद्दा खरा आहे. आजची तबकडी ज्या पदार्थाची होते, त्याच जातीच्या पदार्थाचे नळ आमच्या संत्र्याच्या बागांतून पाणी वाहतात. तिला देव्हाऱ्यात ठेवण्याजोगे त्यात काही नाही. जुन्या तबकड्या कापून त्यांची भिंतीवरची घड्याळे करून विकतात, तीही आम्ही पाहिली आहेत. पण फोनवर मिळते म्हणजे आपल्याजवळ असते, हा मोठा भ्रम आहे. डी ला सोल नावाच्या तीन मित्रांची पहिली तबकडी १९८९ साली निघाली. तीत इतरांच्या जुन्या गाण्यांचे इतके तुकडे गुंफले होते, आणि त्यांच्या परवानग्यांचे करार इंटरनेटच्या आधीचे असल्याने इतके अपुरे होते, की सारे जग फोनवर गाणी ऐकू लागले तरी ही गाणी तेथे रीतसर मिळतच नव्हती. ती मार्च २०२३ मध्ये आली, आणि त्याच सुमारास तबकडीही नव्याने निघाली. तिघांपैकी एक जण त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच वारला होता. मधल्या वर्षांत ते गाणे कोणाकडे होते? ज्याने तबकडी विकत घेऊन फडताळात ठेवली होती, त्याच्याकडे. फोनवरचे गाणे भाड्याचे घर आहे. मालक केव्हाही बाहेर काढील.

दुसरा आक्षेप आमच्या शिक्षकखोलीतला. ‘हे रॅप म्हणजे शिव्या, मोटारी आणि बायांची हेटाळणी, पोरे बिघडतात.’ त्यात गाळ आहे, पुष्कळ आहे. गाळ कोठे नाही? तमाशात होता, सिनेमात आहे, आणि दिवाळी अंकांतही थोडाफार निघतो असे ऐकतो. नववीच्या वर्गात मागच्या बाकावर एक पोरगा डेस्कवर बोटांनी ताल धरून काही तरी पुटपुटत होता. आम्ही दरडावले तेव्हा तो उठून म्हणाला, ‘सर, हे पुस्तकातलं नाई, मा बापाच्या कर्जाचं हाय.’ आम्ही त्याला सबंध म्हणून दाखवायला सांगितले. शब्द कच्चे होते, यमके ओढूनताणून होती. पण सावकार, सोयाबीन आणि बँकेचा शिपाई ही तीन माणसे त्यात जिवंत होती. आणि या पोराला मराठीच्या निबंधात आम्ही कधी दहापैकी चारांच्यावर गुण दिले नव्हते.

आणि हे संगीत ‘आपले नव्हे’ म्हणणाऱ्यांना एवढेच सांगू की, त्या लोकांनी आपले मात्र बरेच घेतले आहे. १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटातला लताबाईंचा स्वर २००२ साली एका अमेरिकन गाण्यात सबंध उचलून घातला गेला. प्रकरण कोर्टात गेले, आणि संगीतकार बप्पी लाहिरींचे नाव छापल्याशिवाय विक्री करू नये, असा हुकूम झाला. त्यांना आपल्या गळ्याची किंमत कळली. आपल्याला कोर्टात गेल्यावर कळली.

मग काढायचे काय? आमच्या मुलखापुरते सांगतो. परतवाड्याहून एस.टी.ने अमरावतीला निघाले की वाटेत वलगाव लागते. तेथे पेढी नदीपाशी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्याच्या सहा आठवडे आधी, ८ नोव्हेंबरला, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे शेवटचे कीर्तन झाले आणि कोणा शहाण्याने ते फितीवर उतरवून घेतले. ते ज्याने ऐकले असेल त्याला आम्ही काय म्हणतो ते लगेच कळेल. बाबा गात नाहीत, बोलतात. पण ते बोलणे तालावर पडते. ते प्रश्न टाकतात, समुदाय उत्तर देतो. उत्तर पुरते येण्याआधी दुसरा प्रश्न पडतो. श्रीमंताच्या दिवाणखान्यात न बसणारी, शेंडगावची, धोब्याच्या घरची ती भाषा. बाबांना रॅपवाले म्हणण्याचा आचरटपणा आम्ही करणार नाही. परंतु तालावर बोलून गरिबाला जागे करण्याची रीत ब्राँक्सहून पार्सलने आली, असे जर आमची पोरे समजत असतील, तर तो दोष पोरांचा नव्हे.

बाबांच्या पाठोपाठ तुकडोजी महाराजांची खंजेरी आली, आणि आज अकोटचे सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या पुढ्यात मांडून हुंडा, दारू आणि बुवाबाजी यांचे वस्त्रहरण वऱ्हाडीतून करतात. त्यांच्या एका हाताच्या बोटांत जेवढा ताल आहे तेवढा पुष्कळशा परदेशी यंत्रांत नसेल. त्याच मातीतला अमरावतीचा सौरभ अभ्यंकर. इंग्रजी शंभर म्हणजे ‘सौ’, पुढे तीन इंग्रजी अक्षरे जोडून ‘१००आरबीएच’ असे नाव त्याने घेतले आहे. जात आणि भूक यांविषयी तो बोलतो, आणि २०२३ साली एम.टी.व्ही.च्या ‘हसल’ स्पर्धेत देशभर गाजला. कीर्तन, खंजेरी आणि रॅप हे तीन आवाज एका जिल्ह्याच्या अंतरातले, पाऊणशे वर्षांच्या आतले. ते एका संचात शेजारी शेजारी ठेवले आहेत, सोबत वऱ्हाडी शब्दांचा अर्थ देणारी पुस्तिका आहे, असे कोणी करून दाखवावे! अमरावतीच्या विद्यापीठाने १९८३ पासून या भागाची पोरे शिकवली. गाडगेबाबांचे नाव ते मिरवते. बाबांचा आवाज छापण्याइतके त्याला शोभणारे दुसरे काम आम्हाला तरी दिसत नाही.

व्यवहाराचे म्हणाल तर काही लाख प्रती छापायच्या नाहीत. तबकडीचे कारखाने थोडक्या शेकड्यांचेही काम घेतात. जिल्ह्यातल्या शाळा, ग्रामपंचायतींची वाचनालये आणि फराळावर हजारो रुपये सहज खर्च करणारी आपली दोन-तीनशे घरे एवढी आगाऊ नोंदणी झाली तरी पहिली आवृत्ती उठेल. तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मावतात. बाबांचे कीर्तन तेवढ्यात बसणार नाही. दोन तबकड्या लागतील, तीन लागल्या तर तीन. मात्र कोठेही कात्री लावू नये. समुदायाचे हसणे, मध्येच कोणाचे खोकणे, पोलीस ठाण्यातल्या त्या रात्रीची कुजबुज, सगळे राहू द्यावे. आणि वेष्टन साधे, खाकी कागदाचे करावे.