दवाखान्यात लिहिणारा माणूस हवा

रुग्णाला तपासणे आणि औषध देणे एवढेच डॉक्टरचे काम, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. काय आढळले, काय दिले, पुढे काय करायचे, हे लिहून ठेवण्याचे काम मात्र कोणाच्याच हिशेबात नसते. रुग्णाला चिठ्ठी म्हणजे मेडिकलवाल्याला दाखवायचा कागद वाटतो. औषध हातात पडले की त्या कागदाचा चुरगळा होतो. डॉक्टरला, बाहेर पन्नास माणसे बसलेली असताना, लिहिणे म्हणजे नुसती खोटी वाटते. मग दोन औषधांची नावे आणि एक सही एवढ्यावर भागते. माझे मत स्पष्ट आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या भागात नोंद हा उपचाराचाच भाग आहे, आणि ती नीट व्हायची असेल तर प्रत्येक गर्दीच्या दवाखान्यात त्यासाठी एक शिकवून तयार केलेला लेखनिक असला पाहिजे.

कागद आपल्याकडेच जास्त का लागतो?

मोठ्या शहरातला रुग्ण वर्षानुवर्षे एकाच डॉक्टरकडे जाऊ शकतो. आपल्याकडचा रुग्ण प्रवासी असतो. भामरागडकडचा माणूस आधी गावच्या पुजाऱ्याकडे जातो, मग उपकेंद्रात, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा हेमलकशाला. तिथून अहेरी, गडचिरोली, चंद्रपूर, आणि आजार हटलाच नाही तर सेवाग्राम किंवा नागपूर. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर नवा, औषध नवे आणि प्रश्न पहिल्यापासून.

त्यात भाषेची अडचण. कोणी माडिया बोलतो, कोणी गोंडी. सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शी भागात बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. डॉक्टरला मराठी-हिंदीपलीकडे येत नाही. आजारी माणसाची अर्धी हकिकत या भाषांतरात गळून पडते. अशा वेळी त्याच्या पिशवीतला कागद हाच त्याच्या वतीने बोलणारा असतो. तो कोरा असला की पुढचा डॉक्टर अंधारात चाचपडतो.

"कोणती गोळी चालू आहे?" असे विचारले की उत्तर ठरलेले: "पांढरी, डॉक्टरसाहेब, अन् एक लाल." पांढरी गोळी रक्तदाबाची असते, मधुमेहाची असते, स्टेरॉइडचीही असते. लाल गोळी बहुधा लोहाची, पण क्षयरोगाचीही तांबूस असू शकते. रंगावरून औषध ओळखता येत नाही.

न लिहिल्याने काय होते?

मधुमेहाचा रुग्ण दोन गावांच्या दोन डॉक्टरांकडे जातो. दोघेही वेगवेगळ्या कंपनीच्या नावाने ग्लिमेपिराइडच लिहितात. घरी दोन्ही पाकिटे उघडली जातात, साखर एकदम उतरते आणि म्हातारा पहाटे घामाने भिजून बेशुद्ध सापडतो. मूळ औषधाचे नाव एका तरी कागदावर वाचता येण्याजोगे असते, तर हे टळले असते.

हिवतापाचे पाहा. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापात तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. फाल्सिपेरमचा उपचार वेगळा. प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला देत नाहीत. रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य कमी असणाऱ्याला त्याने अपाय होऊ शकतो, आणि हा दोष आदिवासी समाजात बऱ्यापैकी आढळतो. रुग्णाला तिसऱ्या दिवशी बरे वाटते, उरलेल्या गोळ्या कनवटीला राहतात आणि पुढच्या तापात घरातली दुसरीच बाई त्या घेते. गोळी कोणासाठी, किती दिवस आणि कोणाला द्यायची नाही, हे पाकिटावर लिहिलेले नसते.

धान कापणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण वरच्या रुग्णालयात पाठवले जातात. दंश किती वाजता झाला, प्रतिविषाच्या किती कुप्या दिल्या, वीस मिनिटांत रक्त गोठते का ही चाचणी कधी केली व काय आली, या ओळी सोबत हव्यात. त्या नसल्या तर तिथल्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि सर्पदंशात गेलेली वेळ परत मिळत नाही.

लहान मुलांचे पॅरासिटामॉल तर घरोघरी असते. साध्या सिरपच्या ५ मिलीलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर थेंबांच्या बाटलीत एकाच मिलीलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. म्हणजे थेंब चौपट तीव्र. चिठ्ठीवर नुसते 'एक चमचा' लिहिले आणि घरात थेंबांची बाटली असली, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाते.

गडचिरोलीनेच दाखवलेली वाट

नीट लिहिणे हे फार शिकलेल्यांचेच काम, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत नवजात बाळांच्या घरोघरी देखभालीचा प्रयोग केला. त्यासाठी निवडलेल्या आरोग्यदूत म्हणजे गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बाया. १९९५-९६ या पहिल्या वर्षात त्यांचे मुख्य काम होते पाहणे आणि लिहिणे: बाळ रडते कसे, चोखते कसे, अंग गार लागते का, मिनिटाला श्वास किती, वजन किती. डॉक्टर गावात येऊन त्या नोंदी पडताळून पाहत. जंतुसंसर्ग झालेले बाळ कोणत्या साध्या खुणांवरून ओळखावे, हे पुढे याच नोंदींवरून ठरवता आले. मग त्याच बायांनी उपचारही केले. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात निष्कर्ष छापून आला की, शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

त्याआधी न्यूमोनियाच्या कामात ज्या दायांना फक्त बारापर्यंतच मोजता येत होते, त्यांच्यासाठी मण्यांचे साधन तयार केले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. एक मिनिट झाले हे वाळूचे घड्याळ सांगे. जिथे अक्षर नव्हते तिथे मण्यांनी नोंद ठेवली. २०११ पासून हीच घरोघरी देखभाल देशभर 'आशा' ताईंकडे आली. बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन त्या तक्ता भरतात. गावातली बाई जे करते ते एमबीबीएस, एमडीच्या दवाखान्यात का होऊ नये?

लेखनिकाने काय लिहावे?

अमेरिकेत मोठ्या रुग्णालयांतून डॉक्टरशेजारी बसून लिहिणारे लेखनिक नेमतात. लिहिण्याची सोपी चौकट लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांच्या कामातून आली. १९६८ साली त्यांनी या विषयावर लिहिलेला लेख आजही अभ्यासला जातो. तिचे चार भाग मराठीत असे सांगता येतील.

पहिला, रुग्ण काय सांगतो: त्याच्याच शब्दांत आणि किती दिवसांपासून. 'छातीत भरून येते, चार दिवस, चढ चढताना' असे लिहावे. 'हृदयविकार' हा शब्द लेखनिकाने आपल्या मनाने घालू नये. दुसरा, काय आढळले: ताप, नाडी, रक्तदाब, श्वास, वजन, तपासण्यांचे निकाल. लहान मुलाचे वजन दर भेटीत लिहावे, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते. तिसरा, डॉक्टरला काय वाटते. चौथा, काय करायचे: औषध, पथ्य, पुन्हा येण्याची तारीख आणि कोणते लक्षण दिसले तर तारखेची वाट न पाहता यायचे.

सर्वांच्या वर, ठळक अक्षरात, तीन गोष्टी: कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, बाई गरोदर किंवा अंगावर पाजणारी आहे का, आणि जुना आजार कोणता. आपल्या भागात सिकलसेल आहे की नाही हेही तिथेच हवे. सिकलसेलच्या रुग्णाचे नेहमीचे हिमोग्लोबिन किती असते हे माहीत असले, तर रक्त द्यायचे की नाही हा निर्णय सोपा होतो.

औषधे लिहिण्याची शिस्त

औषधाचे मूळ नाव, ताकद, किती वेळा, किती दिवस आणि कशासाठी, अशा पाच गोष्टी प्रत्येक ओळीत हव्यात. 'कशासाठी' हे सहसा कोणी लिहीत नाही, पण तेच फार उपयोगी. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल ही नावे घाईत सारखी दिसतात. पुढे 'साखरेसाठी' किंवा 'आवेसाठी' लिहिले की घोटाळा टळतो. 'ओडी', 'बीडी', 'टीडीएस' ही अक्षरे डॉक्टरांच्या सोयीची आहेत. रुग्णाच्या कागदावर 'सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर' असे मराठीत लिहावे. अर्धा मिलिग्रॅम '०.५' असा लिहावा. आधीचे शून्य गाळले तर टिंब दिसत नाही आणि पाच वाचले जातात. उलट पाच हे '५.०' असे लिहू नयेत, त्याचे पन्नास होतात. संधिवाताची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तिथे वारच लिहावा. ती रोज घेतली गेल्याने माणसे दगावली आहेत. आणि कोणते जुने औषध बंद केले, तेही लिहावे. नाहीतर नव्यासोबत जुनेही चालूच राहते.

एक मर्यादा मात्र पक्की हवी. लेखनिकाने फक्त लिहायचे. निदान करायचे नाही, औषध सुचवायचे नाही. लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवायचे, डॉक्टरने ते पाहून सही करायची. ही मर्यादा सुटली तर आपण एक नवा बोगस डॉक्टर तयार करू, आणि ते आपल्या भागात आधीच कमी नाहीत.

आक्षेप आणि उत्तरे

डॉक्टरमित्र म्हणतात, लेखी पुरावा ठेवला तर तोच उद्या आपल्यावर उलटेल. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली असल्याचा निकाल दिला, तेव्हापासून ही भीती आहे. माझा अनुभव उलट आहे. जो नीट लिहितो त्याच्याजवळ सांगायला काहीतरी असते. कोरा कागद कोणाचीच बाजू घेत नाही. शिवाय हा मर्जीचा प्रश्नही नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपायची असतात, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायची असतात. मूळ औषधाचे नाव वाचता येईल असे लिहावे, असेही नियम सांगतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा. बारावी झालेली, माडिया किंवा गोंडी येणारी मुलगी तालुक्याच्या गावी मिळते. ती रुग्णाची हकिकत त्याच्या भाषेत विचारून मराठीत लिहील, तर डॉक्टरची अर्धी दमछाक वाचेल आणि रुग्णाची हकिकतही पुरी होईल. सरकारी रुग्णालयांनी आणि आमच्या वैद्यकीय संघटनेने मिळून अशा मुलामुलींसाठी काही आठवड्यांचा वर्ग काढावा, अशी माझी सूचना आहे. आता मोबाईलवर बोललेले लिहून देणारी यंत्रे आली आहेत. ती जरूर वापरावीत. पण माडियात सांगितलेले दुखणे बरोबर उतरले का, हे पाहायला माणूसच लागणार.

तिसरा आक्षेप गुप्ततेचा, आणि तो खरा आहे. छोट्या गावात क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात किंवा मनाचा आजार यांची बातमी वाऱ्यासारखी पसरते. लेखनिकाला पहिल्या दिवशी हेच शिकवावे की, दवाखान्यात ऐकलेले दवाखान्यातच राहते. रुग्णाने सांगितले तर लेखनिकाने बाहेर जावे, आणि ती ओळ डॉक्टरने स्वतः लिहावी.

वाचकांनी काय करावे?

दवाखान्यांत लेखनिक येतील तेव्हा येतील. तोपर्यंत घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक शाळेची वही करा. प्रत्येक डॉक्टरपुढे तीच वही ठेवा आणि त्यातच लिहायची विनंती करा. गोळ्यांची रिकामी पाने, नाव असलेला भाग कापून, वहीत चिकटवा. कुत्रा चावला असेल तर लशीच्या तारखा पहिल्या पानावर घ्या. पावसाळ्यात वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. नाल्याच्या पाण्यात कागद पहिल्यांदा जातो. घरी वाचणारे कोणी नसेल तर आशाताईकडून किंवा शाळकरी मुलाकडून वाचून घ्या. डॉक्टरने लिहिलेले वाचता आले नाही, तर दवाखान्याची पायरी उतरण्याआधी विचारा. त्यात संकोच कसला? औषध तुमच्या पोटात जाणार आहे. त्याचे नाव काय आणि ते कशासाठी, हे जाणून घेण्याचा हक्क तुमचाच आहे.