आई-वडिलांना बसवून ठेवू नका

समुद्रपूर तालुक्यातल्या कोणत्याही गावात माणसाने साठी ओलांडली की घरची मंडळी सांगू लागतात, "बाबा, आता वावरात येऊ नका, आराम करा." यामागे प्रेमच असते. जन्मभर कपाशीत आणि तुरीत राबलेल्या जिवाला विसावा मिळायलाच हवा. पण विसावा देणे वेगळे आणि बसवून ठेवणे वेगळे. वावर सुटले की चालणे, वाकणे, उचलणे सगळेच एकदम सुटते, आणि नेमक्या त्याच वयात शरीराला हालचालीची सर्वाधिक गरज असते.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्या दिवसांत त्यांच्या पायांचा मांसल भाग सुमारे १ किलोने घटला. कुठलाही आजार नसताना! आपल्याकडे ही झीज सावकाश होते, म्हणून लक्षात येत नाही. आधी मांडी घालून बसलेल्या माणसाला उठताना भिंतीचा आधार लागतो. मग ओट्याची पायरी चढताना तो क्षणभर थांबतो. एक दिवस न्हाणीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि घरचे म्हणतात, "म्हातारपण आलं." त्यातला बराचसा भाग म्हातारपणाचा नसून बसून राहण्याचा असतो. गेलेली ताकद परतही येते. १९९० साली बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या मोजक्या वृद्धांकडून ८ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक वाढली.

मेंदूचेही तसेच. ५५ ते ८० वर्षांच्या १२० जणांवर वर्षभर केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन दिवस भरभर चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणशक्तीशी निगडित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा तोच भाग घटला. चालल्याने विसराळूपणा हमखास टळतो, असे कोणी म्हणू नये. मात्र स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत डॉक्टर आज शारीरिक निष्क्रियता धरतात. शिवाय चार माणसांत चालून आलेल्याला रात्री झोप लागते आणि बोलायला विषय मिळतो, हेही कमी नाही.

शेतकऱ्याला व्यायाम कशाला हवा, असा प्रश्न येतोच. निंदण आणि वेचणी करून कंबर धरलेल्या बाईला व्यायामाचा उपदेश करणे अन्यायच होईल. तिला विश्रांती हवी, घरकामात वाटेकरी हवा. परंतु शेतीही पूर्वीची राहिलेली नाही. डवरणीच्या जागी तणनाशक आले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, वावरात जायला मोटारसायकल आली. घरात शेती आहे म्हणजे अंगाला हालचाल आहे, हे आता गृहीत धरता येत नाही. गुडघे दुखतात, ही तक्रार खरी आहे. पण झिजलेल्या गुडघ्यालाही मांडीच्या भक्कम स्नायूंचा आधार लागतो, आणि बेताच्या व्यायामाने दुखणे कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात चालणे सूर्य वर यायच्या आतच उरकावे.

विनोबांनी १९५१ साली वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी भूदानाची पदयात्रा सुरू केली आणि पुढची तेरा वर्षे ते चालतच राहिले. त्यांचे पवनार आपल्याच जिल्ह्यातले. प्रत्येकाने तसे चालावे, असा आग्रह कोणाचाच नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. वृद्धांसाठी त्यात ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायामही येतात.

पण चालायचे कुठे? भरधाव वाहनांच्या रस्त्याकडेने म्हाताऱ्या माणसांनी, विशेषतः बायकांनी, पहाटे निघायचे कसे? ही अडचण सबब नाही, ती दूर करणे हे सार्वजनिक काम आहे. समुद्रपूरच्या नगरपंचायतीने आणि गावोगावच्या ग्रामपंचायतींनी शाळांची मैदाने सकाळ-संध्याकाळ सर्वांसाठी उघडी ठेवावीत, तिथे दिवे आणि दोन बाक द्यावेत. आणि मुलासुनांनो, दुकानातून सामान आणायला निघालेल्या बाबांच्या हातातली पिशवी काढून घेऊ नका; वेळ असेल तर त्यांच्यासोबत चालत जा.